काल रात्री इथे कोण झोपलं होतं

मार्च संपत आला, छपरांवरचा बर्फ उतरलेला नाही.
नारीनहून आलेली गाडी शेवटच्या पुलापाशी थांबते,
पुढे नूरझामाल चालत येते,
काखेत खानेसुमारीचं बाड
आणि चार घड्यांचा गावाचा नकाशा.

नकाशात घरं एकशे सात.
फोटो आभाळातून काढलेला, जुलैत,
जेव्हा अर्धं गाव मेंढरांमागे वरच्या कुरणात असतं.
उतारावरच्या तंबूंचे पांढरे ठिपके
दूर ऑफिसात बसून कुणीतरी घरं म्हणून मोजले.
आता तिथे नुसता बर्फ,
आणि क्रमांक अठ्ठ्याऐंशी ते एकशे सात.

ती पेन्सिलीनं वीस घरं रद्द करते.
एवढं सोपं असतं ते.

पहिला प्रश्न सरकारी, साधा:
काल रात्री या घरात कोण झोपलं होतं?

बुरुलकान चहा ओतते, अर्धीच वाटी.
काठोकाठ भरली तर पाहुणा लवकर उठतो, असा इथला हिशेब.
"मी. सून. दोन नातवंडं. आणि एर्मेक."
एर्मेक कुठं आहेत?
"याकूत्स्कला. खाणीत. तीन वर्षं झाली."
मग ते इथे नाही झोपले.
"झोपला की! फोन उशीशी होता.
इथे दहा, तिथे एक.
बोलता बोलता घोरायला लागला.
सुनेनं फोन बंद केला नाही,
आम्ही सगळे ऐकत पडलो होतो."

नूरझामाल सूचनांचं पान चौदा काढते.
बारा महिन्यांहून अधिक काळ बाहेर, तो गैरहजर.
घोरण्याला रकाना नाही.

पुढचं घर, त्यापुढचं घर.
घरटी एक माणूस बाहेर, कुठे दोन,
एका दाराला कुलूप आणि कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली,
गंजू नये म्हणून.
म्हणजे परतायचं आहे. हेही कुठे लिहायचं?

ओसमोनाली मास्तर भूगोल शिकवायचे.
नकाशा उलटासुलटा करून बघतात.
"नद्या बरोबर आहेत. डोंगरही.
आमची वाट कुठाय पण?"
सांडलेल्या चहात बोट बुडवून मेजावर रेघ ओढतात,
वर, खाली, वर, खाली.
"आमचं स्थलांतर उभं होतं, पोरी.
उन्हाळ्यात वर, थंडीत खाली,
बापाचा बाप, त्याचा बाप, सात पिढ्यांची नावं सांगतो, सगळे असेच.
पोरांचं आडवं झालं.
वर गेलेलं माणूस बर्फ पडला की खाली येतं.
आडवं गेलेल्याला कोण खाली आणणार?"

मग जुन्या सवयीनं विचारतात, घनता किती निघाली?
दर चौरस किलोमीटरला दीड माणूस, ती म्हणते.
"बरं. आणि तो अर्धा कोण?"
मास्तर हसतात. वर्गात हा विनोद चाळीस वर्षं चालला असणार.
कोपऱ्यात गृहपाठ करणारी नात
मान वर न करता म्हणते,
"बाबा."

संध्याकाळी पुलाकडचा रस्ता बंद होतो.
बुरुलकान एर्मेकची गादी घालते.
"आणि तू गं? काल रात्री तू कुठे झोपलीस?"
नारीनला, भाड्याच्या खोलीत.
"तिथे तुला मोजलं?"

घरमालकिणीनं सांगितलं असेल, ती बिश्केकची.
बिश्केकला आईनं सांगितलं असेल, ती नारीनला.
ऐंशी घरं फिरली ती, दारोदार,
हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मग एर्मेकच्या ओळीत तुला लिही," म्हातारी म्हणते,
"बेरीज पाचच राहील."

नियमात बसत नाही. काल ती इथे नव्हतीच.
तरी ती लिहिते, पेन्सिलीनं, फिकट,
मग खोडरबर हातात घेऊन बसून राहते.

इथे दहा वाजतात.
उशीशी फोन वाजतो.