मुका २

एरंडवण्यात आमच्या कोशाची कचेरी. तिथे
चपलांच्या रिकाम्या खोक्यांत शब्द राहतात.
'म'ची सात खोकी. पाचव्यात, सुताच्या गाठीत,
मुका १ : ज्याला बोलता येत नाही तो.
मुका २ : पुढे कोरं.

खरवंडीकर सरांची चिठ्ठी आली :
"व्युत्पत्ती शोधा. उदाहरण लहान मुलाचं घ्या."
म्हणून आई बाळाचा घेते, मावशी भाच्याचा घेते,
आमच्या कोशात मोठ्या माणसांनी
एकमेकांचा कधीच घेतलेला नाही.
त्यांच्यासाठी चुंबन ठेवलंय.
सभ्य शब्द, कारण तो कुणाच्याच तोंडी नसतो.

मी शोधत बसले.
एक जुनं टाचण म्हणतं, मुखापासून.
दुसरं म्हणतं, कृष्णेपलीकडून आला असावा.
तिसऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह, जांभळ्या शाईत.
आणि एक, अक्षर कुणाचं ते कळत नाही :
"दोन्ही मुके एकच. घेताना कोण बोलतो?"
त्यावर सरांचा लाल शेरा : कल्पनारम्य. पुरावा नाही.

पावणेचारला सोपान ढमढेरे मुद्रितं घेऊन आले,
छापखान्यात खिळे जुळवायचे तेव्हापासूनचे आमचे.
घोरपडे पेठेतून सायकलवर, हँडलला पिशवी,
पिशवीत आमचा 'भ', त्याच्या खाली मेथी.
सहज विचारलं, मुका कुठून आला असेल हो, ढमढेरे?
त्यांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले.

म्हणाले, आमच्या मंडळींना पौषात झटका आला.
उजवी बाजू गेली, वाचा गेली.
ससूनमधल्या बाई म्हणतात, ओठांची अक्षरं आधी परततात.
तक्ता दिलाय. मामा. मीठ. मका.
रोज दिवेलागणीला मी बोट ठेवतो, ती बघते.
महिनाभर नुसती हवा.
परवा मक्यावर बोट ठेवलं.
तिनं ओठ मिटले.
मग ते पुढे आले, बशीतला चहा फुंकताना येतात तसे,
आणि सुटले.

"मुका, म्हणाली. छत्तीस वर्षांत हा शब्द
माझ्यासमोर कधी काढला नव्हता तिनं.
उकार जास्तीचा आहे, मला काय दिसत नाही?
जन्मभर तेच काम केलं.
नाही काढला."

चहा न घेता गेले. मेथी सुकते म्हणाले.

कचेरीत कुणी नव्हतं. भिंतीवर पाटी :
येथे मोठ्याने वाचू नये.
मी तो शब्द आवाज न करता म्हणून पाहिला.
म ला ओठ मिटतात.
उ ला पुढे जातात, समोर कुणी असो नसो.
का ला पुन्हा आपापले होतात.
हे टाचणावर कसं लिहायचं?
पुरावा म्हणून कुणाचे ओठ जोडायचे?

मग लिहिलं : पुं. व्युत्पत्ती अनिश्चित.
क्रियापदं घेणे, देणे.
घेणारा देतोच, असंही लिहिलं, आणि खोडलं.
उदाहरणापाशी आई आणि बाळ तयारच होते.
त्यांना जरा बाजूला बसायला सांगितलं :
"त्याने मका दाखवला, ती मुका म्हणाली."

सर लाल शाईत विचारतील, हे कुठलं?
खाली लिहून ठेवलंय :
घोरपडे पेठ. मौखिक.