पांढरी पाच

वडगावात आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला
दोनच दिवे लागतात. दूधवाल्या कल्लाप्पाच्या गोठ्यात,
आणि माझ्या माडीवर, जिथं इल्झे राहते.
रीगाची. रीगा कुठं, ते मी विचारलं नाही.
थंडी फार, एवढं तिनं सांगितलं,
आणि तरी जानेवारीत माझीच शाल मागून नेली.

भाडं ठरवतानाच बोलणं झालं होतं:
सातला माझे लूम सुरू होतात, सहा आहेत,
मग कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
ती म्हणाली, सातपर्यंत म्हणजे पुष्कळ.
अडीच तास एकच सा.
पहिले पंधरा दिवस मला वाटलं,
पोरीला पुढचं येत नाही.

आठला ती डबा घेऊन अनगोळला जाते,
अंकलगी मास्तरांकडे. बस चुकली तर चालत.
मास्तर रागावतात कन्नडात, समजावतात मराठीत,
आणि बंदिश असते ती दोन्हींत नाही.
ती सगळं तिच्या लिपीत लिहून आणते,
रात्री वही पुढं धरून विचारते,
'मावशी, हा पिहरवा कोण?'
असतो एकेक, मी सांगते. वेळेवर येत नाही.

नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही रात्री दोनला.
दोघी घागरी लावून बसतो.
अधूनमधून ती हिरवी फाईल घेऊन
कमिशनर ऑफिसात जाते, परदेशी लोकांच्या खिडकीशी.
तिथला साहेब विचारतो, कन्नड शिकलीस?
कोपऱ्यावरचा भाजीवाला विचारतो, मराठी शिकलीस?
दोघांना एकच उत्तर: 'होय की.'
हे मात्र तिला कुणी शिकवलं नाही.

दुपारी परत आली की लूमच्या आवाजातच गाते.
दिवाळीनंतर मास्तर तिच्यावर चिडले.
सा वर सरकतो म्हणे. रोज सुताएवढा.
खुंट्या पिळून बघितल्या,
मिरजेहून नव्या तारा आणल्या.
तिची पांढरी पाच. तिथून निघते, आणि कुठं जाते?
'कोण ओढतंय गं तुला?'
ती गप्प बसली. मग म्हणाली, 'तीन नंबर.'

मास्तर रिक्षानं आले.
चपला दाराबाहेर काढल्या,
त्या खोलीबाहेर आजवर कुणी काढल्या नव्हत्या.
धोटे पळत होते,
मी तुटलेल्या धाग्याचं टोक दातात धरून गाठ मारत होते.
ते कांड्यांची पेटी ओढून बसले, डोळे मिटून,
एकेका मोटरीपाशी, स्थळ बघायला आल्यासारखे.
पहिली. दुसरी.
तिसरीपाशी मान हलली.
'हौदु,' म्हणाले, 'पांढरी पाच. थोडी चढी.'
मग मला, 'बाई, हिला काही औषध?'
मी म्हटलं, वीजच तशी येते.

तीस वर्षं मी त्या खोलीत आहे.
आवाज म्हणजे आवाज, खटखट, एवढंच ठाऊक.
आता सकाळी आधी तीन नंबर चालू करते,
एकटा, बाकीचे पाच थांबवून,
आणि थोडा वेळ नुसती उभी राहते.
व्यापाऱ्याचा माणूस विचारतो, बिघडलंय काय ओ?

काल संध्याकाळी लाईट गेली.
गल्लीभर लूम एकदम थांबले.
ते थांबले की कान दुखतात,
बाहेरच्याला हे सांगून कळत नाही.
वर ती गात होती. आपण ऐकू येतोय, तिला पत्ता नव्हता.
सा धरलेला, आणि ओढायला कुणी नाही.
तो जरा खाली आला,
अंधारात पायरी चाचपावी तसा,
सुताएवढाच,
आणि एका जागी बसला.

मी हाक मारणार होते, जमलं म्हणून.
मग म्हटलं, नको.
काडेपेटी सापडेना.
अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर हात ठेवून थांबले,
काठ कुठवर आलाय ते बोटांनी बघत.