पट्टा

गावच्या हॉलमध्ये वाद पेटला, तेव्हा
इद्वालने विजेचा पट्टा
सरळ स्वतःच्याच गळ्यात बांधला.
'बघा, मुंगी चावते तेवढंच.
मेंढीमागे कड्यावरून गेला असता हा,
तेव्हा तुमची बिस्किटं कुठे होती?'

हेलेदच्या खिशात खरंच बिस्किटं होती.
ती गप्प बसली.

त्याने बटण दाबलं.
आधी बारीक 'टीं', मग झटका.
मान जराशी उडाली.
मागे कोणीतरी हसलं.

खुर्चीखाली मोस,
ज्याच्या गळ्यात आज काहीच नव्हतं,
'टीं' होताच
फरशीला चिकटला होता,
कान पाडून.

इद्वालने खाली पाहिलं.
मग बक्कल चाचपू लागला.
सुटता सुटेना.
शेवटी हेलेदच उठली,
मागून त्याच्या मानेला हात घातला.

वाद काही मिटला नाही.