पहिलं बोटभर

कोत्का बंदरात नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
लाकडी घोड्यांवर चढवलेली होडी,
तिच्या पोटाखाली उताणा उर्हो, एका हातात टॉर्च.
दुसरा हात मला दाखवून म्हणाला,
"एवढाच उरतो. कालवायला तिसरा कुठून आणू?"

म्हणून मी कागद घेऊन बसले.
एक हात, एक चाप, दोन नळ्या.
एकीत राळ, मधासारखी, आळशी.
दुसरीत हार्डनर, पातळ, उतावळा,
शिळ्या मासळीचा वास येणारा.
दोन भाग ती, एक भाग तो.
जास्त घातला म्हणून लवकर घट्ट होत नाही,
मिठासारखी चव बघून वाढवता येत नाही.

प्रमाण मी नळ्यांच्या घेरातच कोरून टाकलं.
एकीचं क्षेत्रफळ दुसरीच्या दुप्पट,
दोन्ही दट्टे एकाच दांड्यावर,
सरकतील तर बरोबर, थांबतील तर बरोबर.
कागदावर हे इतकं सोपं होतं
की त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग तोटी.
तिच्यात मोटर नाही, बॅटरी नाही,
नुसती प्लास्टिकची पिळलेली पट्टी,
अर्धा पीळ उजवा, अर्धा पीळ डावा.
धार चिरली जाते, दुमडते, पुन्हा चिरली जाते,
दोनाचे चार, चाराचे आठ,
घोकलेला पाढा म्हणत घरी निघालेल्या पोरासारखी,
आणि बाराव्या पिळापलीकडे
कोण कुठलं ते दोघांनाच आठवत नाही.
एकजीव.
शब्द तोंडात किती पटकन येतो.

पहिल्या हिवाळ्यात होडी चिकट राहिली.
बोट टेकवलं की दोरा निघायचा.
उर्हो काही बोलला नाही.
कॉफी ओतली, एक कप माझ्यापुढे सरकवला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दोष तोटीत शोधला.
बाराचे चोवीस पीळ केले,
चाप असा जड झाला की माझंच मनगट भरून आलं.
चिकटा तसाच.

रंगकाम करणारी सिर्पा ब्रश धूत होती.
मान वर न करता म्हणाली,
"शनिवारी जोडलेल्या फळ्या बघितल्यास?"
बघितल्या. दगड झाल्या होत्या.
"शनिवारी सौना तापतो. तो नळ्या तिथल्या बाकावर ठेवतो.
तुला सांगितलं नाही त्याने?"
नव्हतं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

शेडमध्ये चार अंश.
राळ जागची हलायला तयार नाही,
हार्डनर मात्र पुढे पळालेला,
मधे दांडा मिलिमीटरभर तिरका.
माझं सगळं गणित
गरम खोलीत बसून केलेलं होतं.

नवी मूठ केली.
राळेची जाड नळी तळव्याच्या आत घेतली,
हार्डनरची बाहेर, वाऱ्यावर.
ऊब जिला हवी तिलाच.
माझ्या हातात ती अगदी नीट चालली.
उर्होच्या हातात नाही.
चाळीस वर्षं बर्फाचे दोर ओढून
त्याच्या बोटांपर्यंत रक्त पोचत नाही म्हणे.

शेवटी सिर्पाने त्याच्या कोटाला आतून खिसा शिवला,
काखेखाली, नळ्यांच्या मापाचा.
सूचनापत्रकात मी लिहिलं,
'वापरण्याआधी वीस मिनिटं अंगाशी ठेवा.'
कंपनीने खोडून तापमान घातलं.
मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं.

दुसरी सूचना मात्र तशीच छापली,
'तोटीतून आलेलं पहिलं बोटभर टाकून द्यावं.'
सुरुवातीला दोघे अजून
नीट भेटलेले नसतात.
उर्हो ते टाकत नाही.
शेडच्या दाराच्या चौकटीला पुसतो,
होडीमागून होडी, एकावर एक.
आता तिथे मुठीएवढं पिवळं टेंगूळ आलंय,
बहुतेक कडक, काचेसारखं.

खाली एका कोपऱ्यात
पहिल्या हिवाळ्यातलं अजून ओलं आहे.
निघताना मी त्याला बोट लावून बघते.