माया

चाळीसवर होते तेव्हा
चौबाऱ्याजवळच्या माझ्या बोळातल्या दुकानात
रात्री दोनलाही मशीन चालायची.
झोप नव्हती, भूक मात्र दांडगी.
शिळी भाकरी, तेल, चटणी, परत भाकरी.
बोटं मोकळी. कात्री हातात बसायची.
एका आठवड्यात सतरा ब्लाऊज शिवले
आणि वाटलं, हीच माझी खरी तब्येत.

मग चेहरा गोल झाला.
मानेमागं गादी आली, वाशिंडासारखी.
माप द्यायला आलेली बाई मलाच न्याहाळायची,
"कामून गं, दिसादिसाला सुजलालीस की."
काज-बटण करणारी रुक्सानाभाभी
एवढंच म्हणाली,
"तुमचा ब्लाऊज द्या इकडं, माया उसवते."

माया म्हणजे शिवणीच्या आत
मुडपून ठेवलेलं कापड.
कुणाच्याही कपड्यात मी दोन बोटं सोडते.
बाळंतपण होतं, दुखणं येतं,
माणूस भरतं, वाळतं.
स्वतःचे कपडे घाईत शिवलेले.
भाभीला अर्धं बोटच सापडलं.

लातूरला डॉक्टर काबरा म्हणाले,
आता उतरायचं.
तीस, पंचवीस, वीस.
दहाच्या खाली तर आणखी सावकाश.
म्हटलं, बंदच करते की एकदाची.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाले, हे औषध अंगात तयार करणारी एक जागा असते,
मूत्रपिंडावर टोपीसारखी.
बाहेरून मिळतंय म्हणून ती निजलीय.
एकदम पांघरूण ओढलंत
तर ती उठणार नाही, तुम्ही पडाल.

परतीच्या एसटीत नळेगाव गेलं
तरी मी त्या निजलेलीचाच विचार करत होते.
कितीतरी वर्षांनी
माझ्यात कुणीतरी झोपलं होतं.

गोळी ब्लेडनं कापते, पाटावर, मार्किंगच्या रेषेवर.
जन्मभर कापड कापलं, श्वास कधी धरला नाही.
इथं धरते.
अर्धी निसटून मशीनखाली गेली
तर गुडघ्यावर रांगत शोधते,
दोऱ्याच्या गुंत्यात, हुकांच्या पसाऱ्यात.
उरलेली पूड बोटाला लावून चाटते.
कडू. जिभेवर दुपारपर्यंत.

साडेसातवर अंग उठलं.
सकाळी तांब्या उचलेना.
वेणी अनुजानं घातली, वाकडी.
मशीनवर निळं कव्हर नऊ दिवस.
पुन्हा दहा.
उसवणं म्हणजे काही हरणं नसतं,
असं शिकाऊ पोरींना मीच सांगते,
आणि त्या वेळी माझा आवाज चढलेला असतो.

आणि ते एक राहिलंच.
चाळीसवर असताना
पावतीतल्या साध्या बेरजेसाठी
अनुजाला फुटपट्टीनं मारलं होतं.
दंडावर वळ उठला, इंचांचे आकडे उमटावेत तसा.
डॉक्टर म्हणतात, औषधानं चिडचिड होते.
होत असेल.
पण पट्टी माझ्या हातात होती
आणि हात त्या वर्षी अजिबात दुखत नव्हता.

आता अडीच, एक दिवसाआड.
गालांची हाडं परत आलीत, जरा अनोळखी.
थकवा येतो तो खरा येतो,
दुपारी चारला, कापडाच्या ढिगावरच डोकं.
ती निजलेली कूस बदलते का, कळत नाही.
चाचणी पुढच्या महिन्यात.

उसवलेले ब्लाऊज अंगावर लोंबतात.
भाभी कात्री घेऊन म्हणते, "जास्तीचं कापून टाकू?"
नको.
आत मुडपा. कच्चा टाका घाला.

अनुजा टेप घेऊन येते.
छाती, कंबर, दंड.
मी हात वर करते, खांदे कुरकुरतात, ती थांबते.
आकडे मोठ्यानं म्हणत नाही.
वहीत लिहून घेते,
पेन्सिलीनं.