पितळी कठडा

रेनोत पहाटेचे तीन.
लॉनी उरुतिया, नऊ वर्षं त्याच टेबलाशी,
एक-दोन डॉलरच्या डावात.
पाच-दहाचं टेबल पितळी कठड्यापलीकडे,
चौदा पावलं. मोजलीयत त्यानं.

पत्ते तिकडेही बावन्नच.
पण तिथली चिप हातात घेतली
की तिचा ट्रकचा टायर होतो,
पोरीच्या दातांची तार होते,
आणि टायर कुणी डावावर लावतं का?

आज उठला. का, ते त्यालाही सांगता येणार नाही.
डीलर एर्लिंडा म्हणाली, "वाट चुकलास?"
"नाही."

पहिल्याच डावात राजांची जोडी.
समोरून मोठी बोली.
नखांत ग्रीस, छातीत इंजिन.
त्यानं नीट पाहिलं:
चिप. लाल. मातीची.

सरकवली.

हरलाही असेल.
मी माझ्या एक-दोनच्या टेबलावरून
पावलंच मोजत होतो.