चार मायक्रॉन

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या जमिनीखाली.
गिरण्यांची घाण वाहून वाहून काळ्या झाल्या,
मग त्यांच्यावर रस्ते घातले.
तिथल्या एका इस्पितळाच्या तळघरात
बोगना सकाळी सातला
मेणाचे ठोकळे बर्फावर मांडते.
प्रत्येक ठोकळ्यात नखाएवढं कुणीतरी.

ठोकळा पात्यावर सरकतो,
चार मायक्रॉन, परत चार मायक्रॉन,
आणि मेणाची पट्टी उलगडत येते,
कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढे घोंगडी.
बोगना श्वास धरून ठेवते.
सोडला तर कुणाचं तरी यकृत
उडून टेबलाखाली जाईल.
एकदा गेलं होतं. गुडघ्यांवर बसून शोधलं.
सापडलं. कुणाला बोलली नाही.

कोमट पाण्यावर पट्टीच्या सुरकुत्या जातात.
ब्रशच्या दोन केसांनी ती काचेवर येते.
मग रंग.
हेमॅटॉक्सिलिन, समुद्रापलीकडच्या एका लाकडाचा अर्क;
याच लाकडाच्या काढ्यात कधीकाळी
सुतकाचं कापड काळं करत.
आता तो पेशींची केंद्रकं जांभळी करतो,
उरलेल्या पसाऱ्याला इओसिनचा गुलाबी.
जन्मभर अंधारात राबलेल्या पेशी
पहिल्यांदाच नटतात,
तेही मेल्यावर.

आपण म्हणतो ऊती.
धातू विणण्याचा, ओतप्रोतमधला तोच धागा.
बोगनाच्या भाषेत त्कान्का,
आणि कापडाला त्कानिना.
दोन भाषा कधी एका पाटावर बसल्या नाहीत,
तरी दोघींना ठाऊक
की माणूस मागावरून उतरतो.

आई, लुत्स्यना, एकतीस वर्षं मागावर.
घरीही ती नुसत्या ओठांनी बोलायची,
खात्यातल्या खडखडाटाची सवय.
‘जेवायला ये’ हे बोगनाने
ऐकलेलं नाही, वाचलेलं आहे.
रविवारीसुद्धा भुवयांवर कापूस.
सोमवारी छाती आवळायची,
शुक्रवारपर्यंत थोडी सैल.
डॉक्टर म्हणाले, सिगारेट.
ती ओढत नव्हती.

आजचा ठोकळा : फुप्फुस. स्त्री. वय एक्क्याऐंशी.
नाव नाही, तळघरात नावं उतरत नाहीत.
डॉक्टर विटोल्ड भिंगाखाली बघतात :
श्वासनळीची केसाळ पेशींची रांग,
जन्मभर धूळ वरच्या दिशेने लोटणारी,
आता जागोजागी टक्कल पडलेली.
मग हवेच्या कोठड्या,
भिंती इतक्या पातळ
की रक्त आणि वारा शेजारी राहतात,
मध्ये एकेरी पेशींचा पडदा.
सवयीने ते ध्रुवणाची काच फिरवतात.
सगळं काळं होतं.
आणि काळ्यात एक तंतू
पांढरा पेटतो.

‘कापूस,’ ते म्हणतात. ‘तुझ्या बाहीचा असेल. काच बदल.’

बोगना वाकून बघते.
बाहीवरून पडलेला तंतू नुसता पडून राहतो,
त्याला कुणी विचारत नाही.
याच्याभोवती मात्र भक्षक पेशी जमल्या आहेत,
एकमेकींत विरघळून एकच झाल्या आहेत,
एका पोटात वीसपंचवीस केंद्रकं.
पचवता येत नाही, टाकता येत नाही,
म्हणून कवटाळून बसल्या.
किती वर्षं, ते काच सांगत नाही.
पण मेणाला असं येत नाही.
हे जिवंतपणी झालंय.

‘डॉक्टर, केंद्रकं मोजा,’ ती म्हणते.
ते मोजतात. अठरावर थांबतात. चष्मा काढतात.
अहवालात दोन शब्द : बाह्य पदार्थ.

काच ट्रेच्या तेराव्या खाचेत.
पुढचा ठोकळा बर्फावर घाम धरतोय,
कुणाचं तरी पित्ताशय, साधंसुधं.
बोगनाचे ओठ हलतात.
‘काही म्हणालीस?’ विटोल्ड विचारतात.
त्यांना ओठ वाचता येत नाहीत.